मनोरीचे टेनेसीवाले

टेनेसीवाले काका रविवारी न चुकता पांढरा शर्ट घालायचे, कारण सोलकढीचा डाग पांढऱ्यावरच नीट दिसतो.

मनोरीच्या किनाऱ्यावर ओहोटी लागली की ते लेडीला बाहेर काढत. लेडी म्हणजे त्यांच्याकडची घोडी. काळीभोर, कपाळावर पांढरा टिळा, अमेरिकेतल्या टेनेसी नावाच्या मुलखातली जात. काका एका हातात लगाम धरत आणि दुसऱ्या हातात काठोकाठ भरलेला सोलकढीचा काचेचा पेला. किनाऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत घोडी अशी जायची, की माणूस घोड्यावर नसून वारा पडलेल्या दिवशी होडीत बसलाय असं वाटावं. परत आल्यावर काका खाली उतरत, दोन्ही बाह्या पसरून जमलेल्या लोकांना शर्ट दाखवत आणि सोलकढी एका दमात पिऊन टाकत. कुणी टाळ्या वाजवल्या तर चिडायचे. "माका कित्याक वाजवतास? मी नुसतो बसललंय. तिका वाजवा."

माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. बोलते. पण माझा त्यांच्यावर राग होता आणि अजून आहे, हे आधीच सांगून टाकते.

माझा धंदा वरातीच्या घोड्यांचा. बोरिवलीला तबेला आहे, बग्ग्या आहेत, आणि बँडवाल्यांपासून हॉलच्या मॅनेजरपर्यंत सगळे मला वचकून असतात. हे मला कुणी ताटात वाढून दिलेलं नाही. घाटकोपरच्या डोंगरावरच्या चाळीतून निघून मी पहिलं घोडं आणायला सारंगखेड्याच्या बाजारात गेले, तेव्हा तिथले दलाल माझ्याशी सौदाच करेनात. तिथे भाव तोंडाने बोलत नाहीत. रुमालाखाली हात धरायचा आणि बोटं दाबून सांगायचा. बाईचा हात धरायचा कसा, म्हणून सगळे एकमेकांकडे बघत बसले. शेवटी मीच रुमाल पसरला आणि म्हटलं, "धरा. बहिणीचा हात समजा, आणि भावही बहिणीला सांगता तसा सांगा."

त्या बाजाराने मला एक गोष्ट पक्की शिकवली. घोडं घेताना ते चालवून बघायचं, आणि बघायचं ते मानेकडे. पुढचा दुखरा पाय जमिनीला टेकला की घोडं मान वर उचलतं. मालक काहीही सांगो, मान खरं तेच सांगते. माझं सगळं शिक्षण म्हणजे एवढंच, आणि मनोरीला नेमका त्यानेच माझा पचका केला.

मनोरीला एका बिल्डरचा बंगला होता. लेकीच्या हौसेसाठी त्याने ही घोडी विमानाने आणवली आणि तिची निगा राखायला काकांना शोधून काढलं. मग लेक शिकायला कॅनडाला गेली ती तिकडचीच झाली. बिल्डर फिरकेनासा झाला. बंगल्यामागच्या नारळांत घोडी आणि काका, दोघंच उरले. बिल्डरला घोडी विकायची आहे असं माझ्या कानावर आलं, म्हणून मी मार्वेहून फेरीबोटीत बसून गेले.

काकांनी घोडी चालवून दाखवली. मी मान बघितली आणि मनातल्या मनात खूश झाले. पावलागणिक मान खालीवर, खालीवर. म्हटलं, हिचे दोन्ही पाय गेलेत, स्वस्तात मिळणार. मी पर्समधून रुमाल काढला, काकांचा हात धरला आणि बोटं दाबली.

विंचू चावल्यासारखा त्यांनी हात ओढून घेतला. "ह्या काय?"

"भाव. लंगड्या घोडीला याच्यावर कोण देणार, काका?"

ते माझ्याकडे बघत राहिले. मग असे हसायला लागले, की त्यांना पाण्याच्या हौदाच्या काठावर बसावं लागलं. "लंगडी? अगो, ती लंगडत नाय. ती यस मॅम म्हणता! प्रत्येक पावलाक यस मॅम!"

मग त्यांनी मला समजावलं. आपली घोडी दुडकी चालतात तेव्हा दोन-दोन पाय एकदम उचलतात आणि बसणाऱ्याची हाडं खिळखिळी होतात. ही जात चारी पाय एकेक करून टाकते. मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशाच्याही पुढे पडतो. म्हणून वर बसलेल्याला हिसका लागत नाही, आणि म्हणूनच मान अशी डोलते. तिकडे लोक या डोलण्यासाठी पैसे मोजतात, आणि मी त्याच्यासाठी भाव पाडत होते.

समजावलं ते ठीक. पण दुसऱ्या दिवसापर्यंत ही गोष्ट सगळ्या मनोरीला माहीत झाली होती. पुढच्या वेळी फेरीबोटीवरचा तिकीटवाला मला विचारतो, "काय ताई, आज कोण लंगडतंय?"

घोडी शेवटी विकली गेलीच नाही. बिल्डरने ती काकांच्याच गळ्यात घातली, आणि काकांना तेच हवं होतं.

काका मूळचे मालवणकडचे, गिरणीकामगाराचा मुलगा. जहाजावर स्वयंपाकी म्हणून गेले आणि टेनेसीत एका घोड्यांच्या फार्मवर कसे पोचले, याची त्यांच्याकडे प्रत्येक वेळी वेगळी गोष्ट असे. एकदा जहाज चुकलं, एकदा भांडण झालं, एकदा एका म्हाताऱ्या गोरीणबाईने यांच्या हातची माशाची कढी खाऊन यांना ठेवूनच घेतलं. खरी कुठली, ते मी कधी विचारलं नाही. तिथून ते एक टोपी, थोडं इंग्लिश आणि घोड्यांविषयीची मतं घेऊन परत आले. टोपी उन्हात असो वा घरात, डोक्यावरच. पायात मात्र रबरी चपला. इंग्लिश फक्त लेडीसाठी राखून ठेवलेलं. माणसांशी मालवणी. कुणाला घोडीसोबत फोटो हवा असेल तर आधी तिला "प्लीज, लेडी" म्हणावं लागे, आणि ते काकांना ऐकू येईल इतक्या मोठ्याने. एकाच कंगव्याने ते आधी तिची आयाळ विंचरत आणि मग टोपी काढून स्वतःचे उरलेसुरले केस. जेवायला बसले तर तिच्याकडे तोंड करूनच. ती पाणी प्यायली नाही, तर यांच्याही घशाखाली घास उतरत नसे.

लग्नांचा मोसम संपला की मी माझी घोडी विश्रांतीला तिथल्या वाळूत नेऊन बांधायचे. काका त्यांच्यावरून नजर फिरवत आणि म्हणत, "तुझ्या घोड्यांका नाचूक येता. चालूक येणा नाय."

"चालून काय करायचंय? वरात चालते कुठे, काका? एका सिग्नलला तास जातो."

"म्हणान तर म्हणतंय. तू घोडी ठेवतंस, पण तुका घोडी कळणत नाय."

असं आमचं चालायचं. मी जोरात बोलायचे, ते त्याहून जोरात बोलायचे. पण त्या दिवसांत मी एक काम मुकाट्याने करत राहिले. लेडीची मान बघायला शिकले. नारळाखाली बसून बघत राहायचे. तिचं डोलणं दोन्हीकडे सारखं असे. डावीकडे जेवढं खाली, उजवीकडे तेवढंच. माझ्या वडिलांच्या शिलाई मशीनची सुई जशी खालीवर व्हायची, तशी. मला एकदा चुकीचं ठरवलं होतं ना, मग मला ती चूक समूळ शिकून घ्यायची होती. धंद्यात मी हेच केलंय.

मग ती मुलगी आली.

घाटकोपरची, बँकेत नोकरी करणारी. स्कूटरवरून पडून तिच्या पाठीच्या कण्याचं ऑपरेशन झालेलं, आत सळ्या बसवलेल्या. लग्न मुलुंडला. ती माझ्या ऑफिसात आली, पाठ ताठ ठेवून खुर्चीच्या कडेवर बसली आणि म्हणाली, "मला घोड्यावरून यायचंय. माझ्या लग्नात मी."

"तुमचे डॉक्टर काय म्हणतात?"

"डॉक्टर म्हणतात एकही हिसका नको. म्हणून तर तुमच्याकडे आलेय." तिने फोन पुढे केला. कुणीतरी काढलेला व्हिडिओ होता. पांढरा शर्ट, सोलकढी, लेडी. "हे आजोबा सांडत नाहीत. मी पण नाही सांडणार."

मला ती आवडली. माझ्या आजोबांच्या लग्नात गावाने घोडं वेशीच्या आत येऊ दिलं नव्हतं. नवरदेव मांडवात चालत गेला. आमच्या घरात ही गोष्ट कुणी मुद्दाम सांगत नाही आणि ती माहीत नाही असंही कुणी नाही. मी घोड्यांच्या धंद्यात आले त्याचं कारण कुणी विचारलं तर मी नफा सांगते. पण कुणी अशी ताठ बसून "मला घोड्यावरून यायचंय" म्हणालं, की मी भाव कमी करते. मी तिला शब्द दिला.

काका तयार होतील असं वाटलं नव्हतं. वरात म्हटलं की ते थुंकत. पण मुलीच्या पाठीचं ऐकलं तशी त्यांनी टोपी मागे सारली. "म्हणजे तिका दुसरो घोडो चालाचोच नाय," ते म्हणाले. "दुसरो खयचो चालात?" लेडीवाचून कुणाचं तरी अडलंय, याने ते असे फुलले की त्यांनी मला स्वतः चहा करून दिला. अट एकच: बँड नको.

लग्नाच्या आधीच्या रविवारी मुलगी बसून बघायला मनोरीला आली. सोबत तिचा भाऊ होता. काकांनी नवा पांढरा शर्ट घातला होता. आधी स्वतः जाऊन दाखवतो म्हणाले आणि पेला घेऊन निघाले. घोडीवर चढायला ठेवलेल्या स्टुलाशी मुलगी उभी राहून बघत होती. मीही बघत होते.

डोलणं सारखं नव्हतं.

जाताना वाटलं, ऊन डोळ्यावर येतंय. येताना मी हात कपाळाला लावून बघितलं. उजवा पुढचा पाय टेकला की मान छान खाली. डावा टेकला की मान खाली यायची ती मध्येच थांबून किंचित वर. अगदी किंचित. दुसऱ्या कुणाला दिसलंही नसतं. काका उतरले, बाह्या पसरल्या. लोकांनी वाहवा केली. त्यांच्या मनगटाजवळ, कफच्या कडेला, एक गुलाबी थेंब होता.

"काका, सांडली."

त्यांनी कफ उलटा वळवला. "वारो होतो."

मुलगी स्टुलावर चढली होती. एक पाय रिकिबीत घालायला उचललेला, भाऊ कमरेला धरून. मी पुढे झाले आणि लगाम धरला. "बसू नका. घोडी पुढच्या डाव्या पायात दुखतेय."

"परत?" काका म्हणाले. "परत तेच? मी तुका सांगलंय मां, ती डोलता म्हणान!"

"डोलणं मला कळतं आता. हे डोलणं नाही. डावीकडे मान वर येतेय."

"माझी घोडी, मी रोज बसतंय आणि माका दिसणा नाय? तुका दिसता?"

"हो, मला दिसतंय. तुम्ही वर बसता. मी खालून बघते."

लोक जमले होते. काकांचा चेहरा लाल झाला होता. मग ते जे बोलले, ते मी जसंच्या तसं लिहिते. "तुमच्या लोकांच्या दारात घोडो कधी बांधललो गो? तू माका घोडी शिकवतंस?"

मी लगाम सोडला नाही. मी उलट काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही, आणि त्यातलं एकही अक्षर मी मागे घेत नाही. काकांनी माझ्या हातातून लगाम हिसकावला आणि घोडीला घेऊन बंगल्याकडे निघून गेले.

माझ्याकडे पुरावा होता. ओल्या वाळूत लेडीचे ठसे उमटलेले होते. मी धावत गेले, गुडघ्यांवर बसले आणि वितीने मोजायला लागले. उजवीकडे मागच्या पायाचा ठसा पुढच्याच्या चांगला वीतभर पुढे पडला होता. डावीकडे तो जेमतेम पुढच्याला शिवत होता. एकाच जोडीत नाही, मोजलेल्या प्रत्येक जोडीत तेच. मी ओरडले, "काका! इकडे या! डोळ्यांनी बघा!" त्यांनी मागे वळूनही बघितलं नाही.

मुलगी मात्र आली. ती सावकाश चालत आली, तिला वाकता येत नव्हतं, उभ्यानेच बघत राहिली.

"दिसतंय?" मी विचारलं.

"मला सगळे सारखेच दिसतायत हो," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "तुम्हाला नक्की माहितीये ना?"

भरती लागली होती. पाण्याची पातळ जीभ आली आणि किनाऱ्याच्या खालच्या बाजूचे ठसे गुळगुळीत करून गेली. मी वरच्या ठशांकडे सरकले, पुन्हा वीत टेकवली. आणि खरं सांगते, तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं, वाळू उतरती आहे, म्हणून तर एकीकडे पाऊल कमी पडलं नसेल? मी एकदा चुकले होते. दुसऱ्यांदा चुकत असेन, तर या मुलीचं एकुलतं एक मागणं मी माझ्या अहंकारापायी मोडत होते. चुकत नसेन, तर तिचा कणा वाचवत होते. पुढची लाट आली आणि मोजायला काही उरलं नाही.

"मला नक्की माहितीये," मी म्हटलं.

मुलगी माझ्याशी पुन्हा बोलली नाही. लग्नात ती गाडीतून आली असं ऐकलं. मी त्या दिवसांत झोपेतसुद्धा मान बघत होते, खालीवर, खालीवर. दिसलेलं खरं होतं की मला तसं दिसायला हवं होतं, हे माझं मलाच ठरवता येईना. घोड्यांना चंदी घालताना मध्येच थांबायचे. आमचा नालबंद म्हणाला, "ताई, तुम्ही माझ्याशी आठवडाभर भांडला नाहीत. बरं आहे ना?"

मग काकांचा फोन आला. ते कधी फोन करत नसत. "ये," एवढंच म्हणाले.

लेडी तीन पायांवर उभी होती. डाव्या पुढच्या खुराचं टोक तेवढं जमिनीला लागलेलं, अंगभर घाम. काका टोपीशिवाय होते. डॉक्टर आला, त्याने खुराचा तळ कोरला आणि आतून काळा, घाण वासाचा पू वाहायला लागला. कधीतरी काहीतरी रुतलं होतं आणि आतल्या आत सडत गेलं होतं. हाडापर्यंत पोचलं असेल तर घोडी वाचत नाही, डॉक्टर म्हणाला. आत्ताच काही सांगता येत नाही.

मला वाटलं होतं, हे ऐकून मला बरं वाटेल. मी बरोबर होते ना! पण बादलीतल्या कोमट मिठाच्या पाण्यात तो पाय बुडवून धरताना बरं वाटायला मला सुचलंच नाही. एका बाजूने मी धरायचे, एका बाजूने काका. दिवसचे दिवस. दरवेळी पट्टी सोडताना आम्ही दोघं आधी वास घ्यायचो, मग एकमेकांकडे न बघता मान हलवायचो. आमच्यात घोडीशिवाय एक शब्द नाही. माफी त्यांनी मागितली नाही. मी वाट बघत होते, आणि मी वाट बघतेय हे त्यांना कळत होतं.

पू थांबला. खूर भरत आला. डॉक्टर म्हणाला, आता चालवून बघा.

काकांनी लेडीला किनाऱ्यावर आणलं. वर बसले नाहीत, लगाम हातात धरून उभे राहिले आणि मला म्हणाले, "तू थय उभी रव. तू बघ."

"तुम्ही बघा. तुमची घोडी."

"माका सगळा बराच दिसता," ते म्हणाले. "तेवाय माका बराच दिसत होता." मग खाली वाळूकडे बघत, "खराच काय तां सांग. वायट असला तरी सांग."

ते तिला घेऊन निघाले. मी वाकून बघत राहिले. पावलांचा ताल मोजताना मी चुकत होते. लांब जाऊन ते वळून आले आणि माझ्या तोंडाकडे बघत उभे राहिले. मला खात्री नव्हती.

"पुन्हा," मी म्हटलं.

ते गेले, आले. डावीकडे मान थोडी कचरतेय असं वाटलं. ते दुखणं होतं की नुसती सवय उरली होती? "पुन्हा." ते वळले. आता लेडीचं अंग मोकळं झालं. डावं, उजवं, डावं, उजवं, मान दोन्हीकडे सारखी, सुईसारखी. मी ठशांपाशी बसून वीत लावली. दोन्हीकडे सारखीच वीत. घोडी बरी झाली होती.

काका आले. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला, रबरी चपला हातात, म्हाताऱ्या पायांना वाळूत चालून कापरं भरलेलं. "काय गो?" त्यांनी विचारलं. जगात त्या घडीला माझ्याशिवाय त्यांना कुणाचंच म्हणणं ऐकायचं नव्हतं.

मला जे बघायचं होतं ते मी बघितलं होतं. तरी मी म्हटलं, "पुन्हा."

आणि टेनेसीवाले काका मान खाली घालून घोडीला घेऊन पुन्हा निघाले. ते अर्ध्यावर पोचेपर्यंत मी तोंड मिटून ठेवलं. मग मात्र मला राहवलं नाही आणि मी किनारा दणाणेल अशी ओरडले, "बरी आहे हो! काका, बरी आहे ती! थांबा आता!"